धरणातला दर्या

माझा नातू हल्ली मोबाइल समोर उभा करून जेवतो आणि त्या मोबाइलमध्ये कायम कुणीतरी समुद्रावर असतं. कधी एखादा दाढीवाला गोरा माणूस बर्फाळ पाण्यातून खेकड्यांचे पिंजरे ओढत असतो, कधी कोकणातली एखादी बाई बोंबील साफ करून दाखवते, कधी अख्खं जहाज बुडतं आणि त्यातली निम्मी माणसं केसाचा भांगही न विस्कटता वाचतात. पोरगं यवतमाळात तिसऱ्या मजल्यावर बसून वरणभात खातं आणि मला विचारतं, "आजी, तुझे बाबा फिशरमन होते ना? ते असे लाटांवर जायचे?" मी म्हणते, "जायचे रे. लाटा गुडघ्याएवढ्या होत्या, पण ऐट पूर्ण होती." त्याला वाटतं मी थट्टा करते. थट्टा आहेच, पण ती मी रचलेली नाही. ती आमच्या घरात एका पावसाळ्यात आपोआप घडली आणि तिच्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अडकून बसलं होतं.

आम्ही जातीचे भोई. दिग्रसच्या अलीकडे, धरणाच्या मावळतीच्या काठावर आमची वस्ती. समोर उगवतीच्या काठावर दुसरी वस्ती होती. तिला सरकारी नाव होतं, पण आम्ही तिला पल्याड म्हणायचो आणि तेही आम्हाला पल्याडच म्हणायचे. मधलं पाणी तिथं अरुंद होतं, घसा ताणून हाक मारली तर ऐकू जायची. घर म्हणजे पुढे पडवी आणि मागे चूल. पडवीत जाळं वाळत टाकलेलं असे. वारा आला की जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी भिंतीवर टकटक वाजत आणि माय चुलीपुढून ओरडायची, "कोन आलं व?" रोज फसायची आणि रोज विचारायची. चांगला मासा बाजारात आणि काटे घरात, हा तिचा नियम. मरळ किंवा रोहू मिळाला की तो ओल्या पोत्यात गुंडाळून दिग्रसला जायचा आणि आमच्या ताटात बोटाएवढी काटेरी मासोळी यायची. सगळ्यांत चव होती ती वाळलेल्या झिंग्यांच्या चटणीला. तव्यावर झिंगे भाजायचे, लसूण आणि लाल तिखट घालून पाट्यावर रगडायचे आणि गरम ज्वारीच्या भाकरीवर थापायचे. ती चटणी मी आता मिक्सरमध्ये करते आणि ती होत नाही. दोष मिक्सरचा नसावा, दातांचा असावा.

आम्हाला भाऊ नव्हता. त्यामुळे जाळ्याची आमच्या बाजूची दोरी विमलताई धरायची. बाईमाणसानं डोंग्यात, म्हणजे आमच्या होडीत, पाय ठेवू नये असं वस्तीत म्हणत, पण पोटाला लागलं की रिवाज जरा सरकून बसतो. मोठं जाळं दोन्ही काठांनी मिळून ओढायचं असे. एक टोक आमच्याकडे, एक पल्याडकडे. पल्याडच्या टोकाला नामा असायचा, लक्ष्मणकाकांचा मुलगा. जाळ्याच्या दोरीला ताण असतो. एकानं सैल सोडली की दुसऱ्याच्या तळहाताला लगेच कळतं. ताईचं आणि नामाचं जे काही बोलणं झालं ते त्या दोरीवरूनच झालं असावं, कारण तोंडानं बोलताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. पण जाळं काठाला लागलं की ताईचा चेहरा असा काही व्हायचा की माशांकडे तिचं लक्ष नाही हे माझ्यासारख्या शेंबड्या पोरीलाही समजत होतं.

घरच्यांनाही समजलं होतं आणि कुणाची हरकत नव्हती. आमच्यात मुलीचा बाप हळदकुंकू लावलेला नारळ मुलाच्या घरी पोचता करतो. मुलाकडच्यांनी तो हातात घेतला की साक्षगंध झालं, सोयरीक पक्की. घेतलेला नारळ परत करता येत नाही आणि दिलेला मागता येत नाही. तसं केलं तर दोन घरांत वैर, आणि आमच्या बाबतीत दोन काठांत वैर, म्हणजे मोठं जाळं बंद. बाबा म्हणाले होते, "पोळा झाला का नारळ पाठवू." ताईनं त्या दिवशी भाकरी जरा जास्तच गोल थापल्या.

आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी मुनीमजींनी टीव्ही आणला.

मुनीमजी दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगमध्ये लिहिणं करायचे आणि वस्तीच्या तोंडाशी त्यांचं विटांचं घर होतं. दर रविवारी सकाळी त्या टीव्हीवर एक मालिका लागायची. तिचं नाव भलंमोठं हिंदी होतं, ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. सगळे तिला 'समुद्रवाली' म्हणायचे. तिच्यात एक कोळी होता, त्याची पोरगी होती, एक वाईट शेठ होता आणि बाकी सगळा समुद्र. सुरुवातीला आम्ही भोयांनी पायरीवर बसून बघायचं, असं न सांगता ठरलं. आम्ही आलो की मुनीमकाकू उदबत्ती लावायच्या. देवासाठी नव्हे. आम्ही पण नाक वर करून तो वास घेत बसायचो, फुकटची उदबत्ती कोण सोडतो?

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी पडद्यावरच्या कोळ्यानं एकाएकी जाळं आत ओढून घेतलं आणि आकाशाकडे पाहिलं. मुनीमजींनी आतून विचारलं, "हे काहून केलं बा यानं?" तेवढ्यात पायरीवरून बाबा म्हणाले, "वारा पालटला. आता थो जायं नाही टाकनार, पहा." कोळ्यानं खरंच जाळं टाकलं नाही. पुढच्या क्षणी वादळ आलं. सगळ्या खोलीनं मान वळवून पायरीकडे पाहिलं. आता इतकं तर कुणालाही कळलं असतं, कारण मागे संगीत केव्हापासून गडगडत होतं. पण मुनीमजी म्हणाले, "सखाराम, आत ये बावा. इथं बस." पुढच्या रविवारी 'सखाराम'चे 'सखारामजी' झाले आणि चटईच्या जागी खुर्ची आली. उदबत्ती बंद झाली.

त्या खोलीत समुद्र कुणीच पाहिला नव्हता. हे बाबांच्या फार पथ्यावर पडलं. ते काय वाटेल ते सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. लाट का फुटते, होडीला डोळे का रंगवतात, शेठचं जहाज खडकावर केव्हा आपटणार. वारं सुटलं की छपरावरचा अँटेना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. बाबा त्यालाही सोडत नसत. "हे समुद्रावरचं धुकं," असं ते सांगायचे. कुणी वर चढून अँटेना सरळ केला की धुकं निवळायचं आणि बाबा म्हणायचे, "पाह्यलं?"

मायनं ती मालिका एकदाच बघितली. बाजाराचा दिवस होता तरी बाबांनी तिला ओढून नेली. ती दारात उभी राहिली, डोक्यावर टोपली तशीच. जरा वेळानं म्हणाली, "तिच्या लुगड्याले एक खवला नाही चिकटला. अन् जायं पाहा, कोरडं ठन्न." मग आणखी थोडं बघून, "सकायपासून मासे धरून राह्यला थो. इकते कोन?" आणि निघून गेली. मी आजवर समुद्रावरचे कितीतरी सिनेमे पाहिले, नातवामुळे इंग्रजीसुद्धा, आणि मायचा प्रश्न अजून कुणी सोडवलेला नाही. वादळं येतात, प्रेमं होतात, माणसं गाणी म्हणत जाळी ओढतात, पण मासा विकायला बाजारात कुणी बसत नाही. सिनेमावर लिहिणारी मोठमोठी माणसं वर्तमानपत्रात असतात, त्यांच्यापेक्षा माझी माय टोपली डोक्यावर ठेवून जास्त नेमकं बोलली होती.

पावसाळ्यात मासा अंडी सोडतो म्हणून जाळी बंद असतात. बाबांना काम नव्हतं आणि खुर्ची होती. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणसाचं काही खरं नसतं. त्यांनी गळ्यात लाल रुमाल बांधायला सुरुवात केली. डोंग्याला समुद्रासारखा निळा रंग द्यायचा ठरवलं, पण रंग मिळाला तो जिनिंगच्या फाटकाचा उरलेला, म्हणजे हिरवा. हिरव्या डोंग्याला त्यांनी पांढरे डोळे काढले. ते इतके वटारलेले झाले की पल्याडची पोरं त्याला बेडूक म्हणू लागली. धरणाला तर ते सरळ दर्या म्हणायला लागले. "दर्यावर जाऊन येतो," म्हणत ते तांब्या घेऊन जायचे.

"धरनाले दर्या म्हनता," माय म्हणाली, "उद्या मले महारानी म्हनसान त बरं वाटन."

इथवर सगळी गंमत होती. मग एका रविवारी समुद्रवालीतल्या पोरीला तळ्याकाठच्या गावातून मागणी आली आणि तिच्या बापानं ती झिडकारली. समुद्राची लेक डबक्यात देणार नाही, असं काहीतरी तो म्हणाला. बाबा घरी आले. जेवताना म्हणाले, "नामाचं काही खरं नाही."

मायचा हात भाकरीवर थांबला. "काहून? काय केलं त्यानं?"

"काही नाही केलं. पोट्टा चांगला हाये. पन धरनातला हाये. धरनात काय व, पाय टेकते."

"अन् तुमी कोन्या समुद्रातले होय?"

बाबांना हे लागलं. त्यांनी ताट जरा पुढे सारलं. "मी नाही गेलो म्हून काय झालं? माही लेक त जाईन."

ताई चुलीमागे बसली होती. तिनं चटणीची वाटी उचलून परत तिथंच ठेवली. मला बाबांचा इतका राग आला की मी त्यांच्या लाल रुमालाला तोंड पुसलं.

आज मला त्या माणसाचा राग येत नाही. जन्मभर पायरीवर बसलेल्याला कुणीतरी खुर्ची दिली, आणि ती एका समुद्रामुळे दिली जो त्यानं बघितलासुद्धा नव्हता. मग त्याला वाटणारच की घरात थोडा खरा समुद्र असावा. पण त्यासाठी पोरीला हजार कोसांवर पाठवायची, हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता आणि आताही पटत नाही.

ही बातमी दारव्ह्याच्या किसनमामांपर्यंत गेली. किसनमामा मायचे चुलतभाऊ. लग्नं जमवणं हा त्यांचा छंद, आणि ज्याला जसं हवं तसं स्थळ त्यांच्या पिशवीत असायचंच. आठ दिवसांत ते एसटीनं हजर झाले. "मुंबईचं हाये. मूळचे आपल्याच इकडचे. पोरगा बंदरावर नोकरीले." एवढंच ते बोलले. बाकीचं बाबांनी मनात भरून घेतलं. बंदर म्हणजे जहाज, जहाज म्हणजे समुद्र, आणि समुद्र म्हणजे तो पोरगा वादळात शिडाला लटकून गाणं म्हणतोय. पाहुणे राखीपौर्णिमेला येणार असं ठरलं.

तोच दिवस समुद्राच्या नारळाचा. समुद्रवालीत सोन्याचा नारळ मिरवणुकीनं नेऊन समुद्राला वाहिला होता आणि ते बघून बाबांची झोप उडाली होती. आता पाहुण्यांच्या देखत आपल्याही दर्याला नारळ वाहायचा, असं त्यांनी जाहीर केलं. आमच्याकडे असला काही रिवाज नव्हता. आमच्याकडे पौर्णिमेला राख्या बांधतात आणि गोड खातात. पण मुनीमजींनी भाषणाची तयारी केली, भजनी मंडळानं ढोलकी आणि टाळ देऊ केले, आणि मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद नारळावर चढला. माय गुमान बघत होती. तिची अडचण वेगळीच होती. श्रावण. पाहुणे श्रावण पाळणारे, आणि तसेही जाळी बंद. म्हणजे भोयाच्या घरी, मासोळीवाल्यांच्या सोयरिकीला, ताटात मासा नाही. तिनं पाटोडीचा रस्सा करायचं ठरवलं. बेसनाच्या वड्या माशाच्या तुकड्यांसारख्या कापल्या आणि मसाला माशाचाच घातला. वर कोहळ्याची भाजी आणि पुऱ्या. पुऱ्यांचं पीठ तिनं इतकं मळलं की मी म्हटलं, "माय, पाहुने चारच हायेत." ती म्हणाली, "तू बस बरं तिकडे."

आदल्या दिवशी बाबा काठावर फिरत होते, नारळ कुठून सोडावा याचा विचार करत. मला वाटलं होतं ताई कुठंतरी कोपऱ्यात रडत असेल. ती आली, पदर खोचलेला, आणि बाबांशेजारी उभी राहिली. "बाबा, चिंचेसमोरून सोडा न. तिथून समद्यायले दिसन. मुनीमजीले भाषनालेबी सावली राहीन."

बाबांना ते एकदम पसंत पडलं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "शहानी हायेस तू. तुले मोठ्या पान्यात पाठवतो." ताई "हो बाबा," म्हणाली, आणि तिच्या तोंडावर एक रेषही हलली नाही.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी दोन्ही काठांवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. श्रावणात वारा मावळतीकडून सुटतो आणि आमच्याकडून पाण्यात पडलेली प्रत्येक वस्तू पल्याडला लागते. कुणाची चप्पल, कुणाचा तांब्या, पूजेचे हार. चिंचेसमोरून गेलेली वस्तू तर नेमकी लक्ष्मणकाकांच्या घाटावर. संध्याकाळी नामा किंवा दुसरं कुणी ती आणून द्यायचं. याच्यावर बाबांचा ठरलेला विनोद होता, "पल्याडचे आपल्याच भांड्यांवर संसार करून राह्यले." जन्मभर ज्या वाऱ्यावर त्यांनी डोंगा हाकला तोच वारा ते त्या पावसाळ्यात विसरले. समुद्रवालीत भरती-ओहोटी असते. ओहोटी नारळ घेऊन जाते आणि तो पुन्हा कुणाला दिसत नाही. बाबांच्या डोक्यात ओहोटी भरली होती.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे काका आणि आणखी दोघं. मुलाचं नाव सुधाकर. सडपातळ, नीट इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर चुकून दुसऱ्याच्या वर्गात येऊन बसल्यासारखा भाव. मुनीमजींनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुफानात जाता का हो तुम्ही?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "नाही हो. मी बर्फावर आहे. बोटी येतात, मासे उतरतात, त्यावर आम्ही बर्फ फोडून टाकतो. बोटीवर मी कधी चढलोच नाही. मला वासानंच मळमळतं."

किसनमामांनी टोपी काढून डोकं पुसलं. मला वाटलं, संपलं. पण बाबा मुनीमजींकडे वळून कौतुकानं म्हणाले, "पाहा. खरा दर्यावर्दी कधी बढाई नाही मारत."

मग मिरवणूक निघाली. पुढे टाळ, मागे लाल रुमालातले बाबा, हातात सोनेरी नारळ, त्यावर हळदकुंकू. सुधाकरला डोंग्यात बसवायचा घाट होता, पण त्या वटारलेल्या डोळ्यांकडे पाहून तो दोन पावलं मागे सरला. "मामा, मला पोहता येत नाही," तो बाबांना म्हणाला. शेवटी बाबा एकटेच गेले. चिंचेसमोर, खोल पाण्यात त्यांनी डोंगा थांबवला आणि उगवतीकडे तोंड करून उभे राहिले. डोंगा हलत होता, बाबा हलत नव्हते. आणि मग त्यांनी नारळ डोक्यावर धरून, समुद्रवालीतल्या बापासारखाच आवाज काढून, ओरडून म्हटलं, "हे राजा! ह्या नारयासंगं माही लेक तुया पदरात टाकली! आता थे तुयी!"

टाळ वाजले. माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करायला हवं. नारळ पाण्यात पडला, एकदा बुडाला, वर आला आणि उन्हात चमकत हळूहळू निघाला. "घेतला!" बाबा काठावर उतरताना म्हणाले. "दर्यानं मान घेतला." त्यांचे डोळे भरून आले होते. मुनीमजींनी भाषणात त्यांना 'आमच्या गावचे सागरपुत्र' म्हटलं. मी ताईकडे पाहिलं. ती नारळाकडे बघत होती, जाळ्याची दोरी हातात असताना बघायची तशी.

जेवणं झाली. पाटोडीच्या रश्श्यानं सुधाकरला घाम फुटला, पण त्यानं दोनदा मागून घेतला आणि हळूच विचारलं, "हे मासे नाहीत ना?" किसनमामांनी सुपारी काढली. आता बोलणी सुरू होणार, इतक्यात घाटावर डोंगा लागल्याचा आवाज आला आणि शिशाचे मणी भिंतीवर टकटकले. मायनं या खेपेला "कोन आलं" असं विचारलं नाही.

लक्ष्मणकाका पुढे होते. मागे पल्याडची चार वडीलधारी माणसं, आणि सगळ्यांत मागे नामा, धुतलेला सदरा घालून, पायाकडे बघत. काकांच्या हातात पितळी ताट होतं. ताटात खण, साखर, आणि मधोमध सोनेरी कागदातला ओला नारळ. त्यांनी पडवीत येऊन बाबांना रामराम केला.

"सखारामभाऊ, तुमचा नारय पोचला. माह्या घाटावर आला, म्या हातानं उचलला."

बाबा उठून उभे राहिले. "थो नारय दर्याचा हाये."

"असन. आमी समदे घाटावरच होतो न. तुमी काय म्हनलं थेबी आयकलं. पान्यावरून आवाज साफ येते." काकांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. चौघांनी माना हलवल्या. "हळदकुंकू लावलेला, बापानं सोताच्या हातानं धाडलेला. घेतलेला नारय वापस करत नाहीत, हे काय तुमाले सांगावं?"

बाबांनी नारळाकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग चिंचेकडे. चिंचेची सगळी पानं उगवतीकडे फडफडत होती, जशी दर श्रावणात फडफडतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला दिसलं की वारा त्यांना आत्ता आठवला. पावसाळाभर डोक्यात गेलेला तो सगळा समुद्र एका घटकेत ओसरला आणि खाली आमचं धरण उघडं पडलं. त्यांनी सावकाश ताईकडे मान वळवली. ताई मान खाली घालून उभी होती, पण पळाली नाही.

हसला तो सुधाकर. मोठ्यानं नाही, सुटका झालेला माणूस हसतो तसा. "मामा," तो बाबांना म्हणाला, "आमच्याकडे मी नारळ टाकताना पाहिलाय, दरवर्षी. पण पोचलेला आजच पाहिला." आणि त्यानं तणतणत उठलेल्या आपल्या काकांचा हात दाबून त्यांना खाली बसवलं. त्या पोराचं पुढे काय झालं मला माहीत नाही. जिथं असेल तिथं सुखात असो. त्याच्याइतका सज्जन दर्यावर्दी मी समुद्रवालीतही पाहिला नाही.

सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हटलं तर दोन काठांचं वैर, हो म्हटलं तर मुनीमजींकडची खुर्ची स्वतःच्याच हातानं घालवलेली. बाबांनी गळ्यातला लाल रुमाल सोडला, त्यानं तोंड पुसलं, आणि समुद्रवालीतला बाप बोलला असता त्याच आवाजात म्हणाले, "दर्याचा हुकूम हाये. म्या कोन मोडनार?"

माय कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. मागोमाग पुऱ्यांचं दुसरं टोपलं आलं, पल्याडच्या सगळ्यांना पुरून उरेल एवढं. त्या पिठाचा अर्थ मला तेव्हा उमगला. नामानं पहिल्यांदाच मान वर केली आणि ताईला आलेलं हसू काही केल्या आवरेना. खूप वर्षांनी मी तिला छेडून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "म्या फक्त जागा सांगतली व. टाकला बाबानंच."

पुढच्या रविवारी बाबा मुनीमजींकडे गेले. खुर्ची होती, पण तिच्यावर मुनीमजींचा मेहुणा बसला होता. उदबत्ती लागली होती. बाबा जरा वेळ पायरीवर टेकले, वादळ येण्याआधीच उठले आणि घरी येऊन जाळं विणायला बसले. समुद्रवाली पुढे संपली. शेठ बुडाला, पोरगी वाचली. हिरवा डोंगा मात्र बरीच वर्षं पाण्यावर होता. ताईची पोरं त्याच बेडकावरून उड्या मारत पोहायला शिकली.

त्यातला थोरला पुढे मुंबईला नोकरीला लागला आणि त्यानं आजोबांना समुद्र दाखवायचं मनावर घेतलं. बाबा तेव्हा थकले होते, काठी टेकत चालायचे. मी आणि ताई बरोबर होतो. बाबा वाळूत उभे राहिले, लाट पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली तेव्हा ताईचा दंड धरला, आणि कपाळावर हात आडवा धरून कितीतरी वेळ समोर बघत राहिले. मला वाटलं, आयुष्यभराचं काहीतरी त्यांना भेटलं असेल. मी विचारलं, "कसा हाये बाबा तुमचा दर्या?"

त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. मग ताईकडे बघून म्हणाले, "मोठा हाये. पन ह्याले पल्याड नाही व. इथं नारय टाकला असता, त आनून देल्ला असता कोनं?"